मी वैतरणा जमिनीवर ओतली

चूक माझी होती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. नाहीतर प्रवासवर्णनाच्या नावाखाली मी आधी घाट, मग करवंदं, मग भाकरी असं करत करत ते शेवटपर्यंत टाळीन. टाळण्यात माझा हात धरणारा मिळणं कठीण आहे.

मी पुण्यातल्या एका संस्थेत समुद्राचं मॉडेल चालवतो. म्हणजे संगणकात चौकटी-चौकटींचा एक अरबी समुद्र आहे आणि त्याचा कारभार माझ्याकडे आहे. खऱ्या समुद्राचं माझ्यावाचून उत्तम चाललं आहे. माझ्यापुढचा प्रश्न असा होता : हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी दक्षिणेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर सरकतं. आपल्या नद्याही किनाऱ्याला गोडं पाणी सोडतात. मग तिथल्या पाण्यात घरचं किती आणि पाहुणं किती? मिठावरून हे कळत नाही, दोन्ही सारखीच अळणी. कळतं ते ऑक्सिजनवरून. पाण्यातला थोडासा ऑक्सिजन जरा जड असतो. वाफ होताना हलकं पाणी आधी उडतं, जड मागे राहतं. पाऊस पडताना जड आधी उतरतं. पालघरच्या किनाऱ्यावरून घाट चढणारे ढग आपलं जड सामान वाटेतच टाकतात आणि मोखाड्याला पोचतात ते हलके होऊन. अशी प्रत्येक पाण्याच्या अंगावर त्याच्या प्रवासाची खूण राहते. या जड-हलक्या भावंडांना समस्थानिकं म्हणतात. त्यांचं प्रमाण मॉडेलमध्ये घातलं, की कुठलं पाणी कुठे गेलं याचा माग काढता येतो.

वैतरणेची खूण हवी, तर तिच्या डोंगरातलं पाणी हवं. जव्हारच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गावितसरांनी सोय केली. खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या हिराबाई वारघडे पावसाळ्यात पावसाचं आणि पुढे विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठवू लागल्या. उन्हाळ्यात नदीत जे झिरपतं ते जमिनीखालचंच पाणी, म्हणून विहीर, असं मी पुण्यात पंख्याखाली बसून ठरवलं होतं. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावायचं. सैल राहिलं तर हलकं पाणी उडून जातं आणि उरलेलं खोटंच जड दिसतं.

माझा किनारा काही केल्या जमेना. बोटींवरून मोजलेल्या पाण्यापेक्षा तो जास्त खारा निघायचा आणि जास्त जडही. खारेपणाचं खापर मी वाऱ्यावर फोडलं. जडपणासाठी कोणीतरी माणूस हवं होतं. हिराबाईंच्या उन्हाळी बाटल्या जड आल्या होत्याच. मी गावितसरांना फोन लावला आणि म्हणालो, "तुमच्या त्या बाईला बाटलीचं साधं झाकण लावता येत नाही का?"

गावितसर तेव्हा खोडाळ्याच्या जीपमध्ये होते. आवाज नीट येत नाही म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. जीपमध्ये बाजार करून परतणाऱ्या त्याच पाड्यावरच्या बायका होत्या. माझ्या मॉडेलमध्ये डोंगरातलं पाणी किनाऱ्याला पोचायला फार वेळ लागतो. माझं वाक्य त्याच संध्याकाळी विहिरीवर पोचलं.

आम्ही त्यांच्या बाटल्या घेणं बंद केलं. पुढे आमच्या गटात ऋजुता नावाची मुलगी रुजू झाली. तिला जुन्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याची सवय अजून लागलेली नाही. तिने गंमत म्हणून वैतरणेला एक अशक्य आकडा दिला, पृथ्वीवर कुठल्याच नदीचा नसेल असा. समुद्र ढिम्म. तिने आणखी अशक्य आकडा दिला. समुद्राने दखल घेतली नाही. मग ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, ही नदी समुद्राला मिळते ना?"

मिळत नव्हती. एका परिसंवादात चित्र सुबक दिसावं म्हणून मी किनारपट्टीची रेघ थोडी गुळगुळीत केली होती. त्या सफाईत वैतरणेचं मुख एक चौकट आत, कोरड्या जमिनीवर राहिलं. जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीला मॉडेल शून्याने गुणतं. म्हणजे एवढा काळ मी अख्खी नदी आणून कोणाच्या तरी शेतात ओतत होतो आणि एका बाईला बाटलीभर पाणी सांभाळता येत नाही म्हणून रागावत होतो. पुराणातली वैतरणी ओलांडायला गाईचं शेपूट धरावं लागतं. माझी ओलांडायला चपलाही पुरल्या असत्या.

चूक दुरुस्त केल्यावर किनारा शहाण्यासारखा वागू लागला. फक्त हिराबाईंच्या उन्हाळी बाटल्या तेवढ्या जडच राहिल्या. तेव्हा मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. बरं वाटलं. म्हणजे झाकण थोडं तरी सैल होतंच की! "तुम्ही त्यांना सांगितलंत का सर?" असं ऋजुताने इतक्यांदा विचारलं, की शेवटी मे महिन्यात मी निघालो. बरोबर बाकरवडीचा पुडा, नव्या रिकाम्या बाटल्या आणि निम्मी माफी.

जव्हार

त्र्यंबकचा घाट उतरून गाडी मोखाड्याला आली. खोडाळ्याला जायचं तर इथेच उतरायचं, तिकीटही तिथवरचंच होतं. मी उतरलो नाही.

"मोखाडा गेलं की मागे," कंडक्टर म्हणाला. "झोप लागली होती का?"

"हो," मी म्हणालो. त्या प्रवासातली ही पहिली थाप. "जव्हारपर्यंत वाढवा."

जव्हार उंचावर असल्याने पर्यटक त्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतात. मे महिन्यात हे म्हणण्यासाठी मनाचा मोठेपणा लागतो. माझ्या लॉजच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात फेर धरून नाचणारी माणसं काढली होती, म्हणजे आपण कुठे आलो आहोत याविषयी गिऱ्हाइकाच्या मनात शंका राहू नये. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येईल, असं मॅनेजरने बजावलं. पुण्यात असं कोणी सांगितलं असतं तर मी तक्रारवही मागितली असती. इथे बादली मागितली.

गावितसर कॉलेजच्या दारातच भेटले. बारीक, चष्मा दोरीने अडकवलेला. "या सर, या. अचानक?"

"क्षेत्रभेट," मी म्हणालो. दुसरी थाप.

"मग शिरपामाळ बघूनच घ्या," ते घाईने म्हणाले. त्यांनाही मला खोडाळ्याच्या दिशेने न्यायची काही घाई नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शिरपामाळावर शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला होता असं सांगतात. सुरतेकडे जाताना ते इथे थांबले आणि पुढे जाऊन आले. आम्हीही थांबलो. महाराज थांबले होते ते पुढे जाण्यासाठी, आम्ही थांबलो ते पुढे जावं लागू नये म्हणून. एक कुटुंब फोटो काढत होतं, बाप पोराला "छाती काढ, छाती काढ" म्हणत होता. खाली पानं झडलेले साग, करपलेले उतार आणि मधूनमधून राखेचे काळे चौकोन दिसत होते. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, असं गावितसरांनी समजावलं. 

"सर," ते म्हणाले, "तुमच्या त्या फोननंतर मी पाड्यावर गेलेलो नाही."

"का?"

"कसा जाणार? स्पीकर मीच लावला होता ना."

मग त्यांनी सांगितलं. पाड्याला विहीर एकच. उन्हाळ्यात पाणी भरायला नंबर लागतात, आणि कोणी आधी, कोणी मागून, कोणाच्या घरी बाळंतीण आहे म्हणून एक हंडा जास्त, हे सगळं हिराबाई बघायच्या. पगार नाही, पद नाही. फक्त त्यांनी म्हटलं की भांडण थांबायचं. जीपमधलं वाक्य विहिरीवर गेलं आणि तिथे कोणीतरी म्हणालं, जिला बाटलीभर पाणी सांभाळता येत नाही, ती विहिरीचे नंबर काय सांभाळणार! दुसरी म्हणाली, साहेब लोक उगाच बोलतील का? तेव्हापासून नंबर मंदा नावाची बाई लावते आणि हिराबाई रांगेच्या शेवटी उभ्या राहतात.

"त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत?"

"एकदा बाजारात दिसल्या. मी केळीवाल्याच्या मागे लपलो," गावितसर म्हणाले.

माळावर सूर्य मावळला. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्य रोज मावळतो, त्यात त्याने टाळ्या घेण्यासारखं काय केलं कोण जाणे. पण निदान तो वेळेवर खाली उतरला. आम्हा दोघांना ते जमत नव्हतं.

साखरशेत

दुसऱ्या दिवशी गावितसरांनी साखरशेतला आपल्या घरी जेवायला नेलं. हाही एक थांबाच. नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, भाजलेली सुकट, कैरीची चटणी. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि मी अपराध्यासारखा एकामागून एक खात होतो. पुण्यात आम्ही नाचणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून खातो, औषधासारखी, तोंड वाकडं करून. इथे ती जेवण आहे हे जिभेला समजायला एक घास पुरला.

गावितसरांच्या आईने विचारलं, "काय काम करता?"

"समुद्राचं."

म्हातारीने मला आपादमस्तक पाहिलं. "मग इकडं डोंगरात कशाला चढलात?"

मी भाकरीत तोंड घातलं. उत्तर गावितसरांनी दिलं. "माफी मागायला आलेत," ते म्हणाले आणि स्वतःच दचकले. मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आपल्याच मनातून काढलं होतं.

"मंग जेवण झाल्यावर निघा," म्हातारी म्हणाली. "रातभर ठेवलं की नासतं ते."

खोडाळा

खोडाळ्याला बाजार होता. सुकी मासळी, मिरची, प्लास्टिकच्या घागरी, पानावर मांडलेली करवंदं. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईने कोंबड्यांची पाटी ठेवली, विचारून नव्हे, कळवून. सबंध वाट एक कोंबडा माझ्याकडे रोखून बघत होता. त्यालाही ते वाक्य ठाऊक असावं.

जीपमधून उतरल्यावर पायवाट चढून पाड्यावर गेलो. हिराबाई नुकत्याच राबावरून आल्या होत्या, हातापायांना राख. चाळिशी ओलांडलेल्या, काटक. नवरा भिवंडीला गोदामात कामाला. त्यांनी गावितसरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा तो झाकणवाला साहेब?"

"हो," गावितसर पुटपुटले.

पाड्यावर माझं नाव हेच होतं. मी वर्षानुवर्षं शोधनिबंधांवर नाव छापून घेतलं, पण इतकं चपखल नाव मला कोणी दिलं नव्हतं.

"बस तू," हिराबाई म्हणाल्या. इकडच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात अपमान नसतो, असं गावितसरांनी वाटेतच सांगितलं होतं. मला मात्र तो थोडा असावा असं वाटत होतं, तेवढंच बरं वाटलं असतं. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं. कुडाच्या भिंतीशी दोनच हंडे होते, त्यातला एक पालथा. मी पाणी घेऊ की नको अशा विचारात असताना माझ्या पिशवीतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक ओघळ निघाला. पिशवीतली माझी पाण्याची बाटली कलंडली होती. बाकरवडी भिजली, सदरा भिजला.

हिराबाई त्या ओघळाकडे शांतपणे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुझं झाकण सैल हाय."

गावितसर बाहेर जाऊन खोकू लागले. ते हसत होते.

मी बसमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "हिराबाई, मॉडेलमध्ये एक तांत्रिक त्रुटी राहिली होती. त्यामुळे जो काही गैरसमज झाला..."

"कोनाचा?"

"म्हणजे आमच्या बाजूने काही..."

"कोनाचा गैरसमज? माझा तर नाय झाला. मी झाकण लावलं का नाय, मला माहीत हाय."

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण निम्मी माफी आणली होती, तर तिचा उरलेला अर्धा भागही दाखवायला नको? मी म्हणालो, "पावसाळ्यातल्या बाटल्या अगदी बरोबर होत्या. फक्त उन्हाळ्यातल्या जरा जड येत होत्या. कदाचित तेव्हा गडबडीत..."

हिराबाई उठल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्या भिजलेली बाकरवडी उचलून कोंबड्यांना टाकून आल्या. कोंबड्यांनी तिला तोंड लावलं नाही.

"उद्या टँकर हाय," त्या म्हणाल्या. "विहिरीवर ये. आनं जे बोलायचं ते तिथं बोल. घरात बोलून काय करू? घरात मला कोन लबाड बोलत नाय."

विहीर

सकाळपासून विहिरीच्या काठावर हंडे, घागरी, डबे रांगेत होते. माणसं सावलीत आणि भांडी उन्हात. आमच्या सोसायटीत पाणी गेलं की लोक व्हॉट्सॲपवर भांडतात. इथे भांडी माणसांच्या जागी उभी राहतात आणि त्यांना उलटं बोलता येत नाही, ही पद्धत मला फार सुधारलेली वाटली. मंदा कमरेवर हात ठेवून नंबर सांगत होती. गोल चेहरा, घोगरा आवाज.

"तो निळा डबा कोनाचा? मागं घे! रातीच ठेवून गेली का काय?"

"तुझी जाऊबाई पुढं कशी गं मग?" कोणीतरी ओरडलं.

"तिला सासू म्हातारी हाय!"

"आमच्या सासवा काय जवान हायेत?"

हिराबाईंचा हंडा रांगेच्या टोकाला होता. मी विहिरीत डोकावलो. तळाला चिखल आणि चिखलात बेडूक. मग टँकर आला. मी समजत होतो, बायका त्याच्याभोवती जमतील आणि तो एकेक हंडा भरून देईल. तसं काही झालं नाही. ड्रायव्हरने मागचा जाड पाइप उचलला, विहिरीत सोडला आणि चावी फिरवली. सगळं पाणी धाडधाड विहिरीत. आता ज्याचा नंबर येईल त्याने ते दोराने पुन्हा वर ओढायचं.

मी तिथेच कठड्यावर बसलो.

"हे पाणी कुठून आणता?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"धरणातनं. दुसरीकडं हाय कुठं आता?"

महिनोन् महिने उन्हात तापलेलं, वाफ होऊन होऊन आटलेलं धरणाचं पाणी. त्यातलं हलकं कधीच उडून गेलेलं, जड तेवढं उरलेलं. बाटलीत येण्याआधीच ते जड होतं. झाकण कितीही घट्ट लावलं असतं तरी ते जडच आलं असतं. मी ज्याला जमिनीखालचं पाणी समजून समुद्रात सोडत होतो, ते टँकरमधून आलं होतं.

"टँकर ओतला की मगच बाटली भरत होते," हिराबाई शेजारी येऊन म्हणाल्या. "आधी निसता चिखल. चिखलाची बाटली पाठवू का तुला?"

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तू इचारलं कधी?"

गावितसर जमिनीकडे बघत म्हणाले, "टँकर येतो हे मला माहीत होतं सर. मला वाटलं, तुम्हालाही असेल. सगळ्यांनाच माहीत असतं."

हिराबाईंच्या बाटल्यांत चूक नव्हती. पावसाळ्यातल्या खऱ्या, उन्हाळ्यातल्याही खऱ्या. ज्या निम्म्या दोषाच्या आधाराने मी इतके दिवस झोपत होतो, तोही माझाच निघाला. माझ्या संगणकात वैतरणा कोरड्या जमिनीवर ओतली जात होती, त्याला मी चूक म्हणालो होतो. तीच नदी धरणात अडवून, पाइपांतून मोठ्या शहराकडे नेऊन, उरलेली चमचाभर टँकरने तिच्याच डोंगरात परत आणून ओतत होते, आणि याला कोणीच चूक म्हणत नव्हतं. पण त्यावर भाष्य करायचा तो दिवस नव्हता. दुसऱ्यांच्या मोठ्या चुकांआड आपली चूक लपवण्याची कला मला आधीच अवगत आहे.

मी हिराबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणालो, "माझंच चुकलं."

"मला नको सांगू," त्या म्हणाल्या. "मला माहीत हाय. त्यांना सांग."

मी कठड्यावर उभा राहिलो. परिसंवादांत मी शेकडो लोकांपुढे बोललो आहे. इथे समोर हंडे होते आणि बायका, आणि त्यांना माझ्या पदव्या ठाऊक नव्हत्या. ठाऊक होतं ते एक वाक्य. मी बोलायला सुरुवात केली. "फोनवर मी जे म्हणालो होतो ते..."

"ऐकू नाय येत!" मंदा ओरडली. "पानी पडतं हाय! मोठ्यानं सांग!"

"ए, झाकणवाला साहेब काय तरी बोलतो! गप बसा गं!"

बायका गप्प झाल्या. पाणी मात्र पडतच होतं, आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडण्यावाचून इलाज नव्हता. मी छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"हिराबाईने झाकण घट्ट लावलं होतं! सगळ्या बाटल्यांचं! पावसाच्या आणि या विहिरीच्याही! चूक तिची नव्हती, माझी होती. सगळी माझी. मी न विचारता बोललो आणि खोटं बोललो. हिराबाई, मला माफ कर!"